छाटीचा फ्रॉक

बाईंनी फ्रॉक मुलीच्या अंगात घातला आणि मागची बटणे लावायला गेल्या. बटणे काजापर्यंत पोचेनात. त्यांनी दुसरा घेतला. तोही तसाच.

"हे कुणाच्या मापाचे? बाहुलीच्या?" त्यांनी विचारले. बाई आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका; मापाला शाळेतली मुलगी बरोबर आणलेली. शेडमधल्या आम्ही सगळ्या बायांनी आपापले फ्रॉक पदराखाली ओढले. दोन्ही फ्रॉक माझेच होते.

त्या फ्रॉकवर आमचे पोट होते. चिचगडकडच्या आमच्या गावातला बीडी कारखाना बंद झाला होता. जन्मभर आम्ही घरी बीड्या वळल्या आणि तिथे नेऊन दिल्या. एक दिवस बीड्या मोजून घेणारा मुन्शी म्हणाला, "कल से मत आना," आणि पान खायला निघून गेला. मग युनियनचे पुढारी आले. बीडी होती तेव्हा ते वर्षातून एकदा दिसत, बीडी गेल्यावर रोज दिसू लागले. त्यांनी मालकाकडून रिकामी शेड मागून घेतली, शिलाई मशिनी आणल्या, गोंदियाहून शिकवणारी पोरगी आणली आणि भाषण केले की शिक्षणाला वय नसते.

"शिक्षणाले नसन भाऊ, गुडघ्याले असते," मी म्हटले.

मी चौथी पास. आमच्यातली विद्वान म्हणून पहिल्या मशीनवर मलाच बसवले. शिकवणारी माझ्या नातीच्या वयाची. "अम्मा, पैर धीरे! साइकिल नहीं है!" म्हणून दिवसभर ओरडायची. शेजारच्या मशीनवर माझी सून पदरात हसायची. मी हसू दिले. घरात तिला हसायची सोय नव्हती.

उन्हाळा संपेपर्यंत शिवण सरळ येऊ लागली. पुढाऱ्यांनी मुख्याध्यापिकेला गळ घातली. प्रत्येकीने एक फ्रॉक शिवायचा. पसंत पडले तर शाळेच्या गणवेशाचे काम शेडला, नाही तर शेडला कुलूप आणि आम्ही धानाच्या रोवणीला, चिखलात. या गुडघ्यांनी.

एका फ्रॉकपुरते कापड प्रत्येकीला घरी कापायला दिले. शिकवणारी नेमकी बहिणीच्या लग्नाला गेलेली. आम्ही प्रत्येकीने त्यातून दोन फ्रॉक शिवले.

"एक सांगतला होता ना? दोन कायले?" बाईंसमोरच पुढारी ओरडले.

"एक छाटीचा," मी म्हटले.

बाईंना कळेना. मी सांगितले. मुन्शी आमच्या बीड्या हातात घ्यायचा आणि काढून फेकायचा. ही वाकडी, ही सैल. चांगल्याही फेकायचा. ती छाट. तिचे पैसे नाहीत आणि ती परतही नाही. म्हणून आम्ही जास्तीच्या वळून न्यायचो. तेंदूपत्ता मोजकाच मिळे, मग पाने लहान कापायची. कापडही तसेच कापले. कुणी कुणाला विचारले नव्हते.

"या छाटीविरुद्ध मी किती वर्षं भाषणं देऊन राहिलो!" पुढारी म्हणाले.

"देल्ली ना भाऊ. मुन्शीनं एक बी नाही आयकलं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फ्रॉकची शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली. "पक्की आहे," त्या म्हणाल्या. "हे पहिलीच्या मुलींना होतील. मोठ्यांचे पुन्हा शिवून आणा. आणि एकेकच आणा, मी फेकत नसते."

पुन्हा कापड कोण देणार? युनियनच्या बैठकीत म्हणे कुणी बोलले, बायांनी कापड नासवले. तिथे आमचे पुढारी काय बोलले ठाऊक नाही, पण कापड आले. जन्मात त्यांचे एक भाषण लागू पडले, तेही आम्ही न ऐकलेले.

तोवर रोवणी सुरू झाली. बहुतेक बाया तिकडे गेल्या. काही शरमेने गेल्या, काही चुलीसाठी. चूल पसंतीची वाट पाहत नाही. त्या परत मशीनवर बसल्या नाहीत.

उरलेल्यांनी एकेक फ्रॉक शिवला. एकच फ्रॉक घेऊन बाईंपुढे जाताना मला अंगावर लुगडे नसल्यासारखे वाटले. त्यांनी तो मुलीला घातला, बटणे लावली आणि पुढचीला हाक मारली.

काम मिळाले. एका शाळेचे, तेवढेच. शेडमध्ये आता मी, माझी सून आणि आमच्या आळीतली एक विधवा, एवढ्या शिवतो.