काकीचा उघड्या डोळ्यांचा फोटो

माझा मेव्हणा जहाजावर नोकरीला होता. २०१० साली तो सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी एक कॅमेरा घेऊन आला, आणि तो बघून आमच्या सबंध वाडीने माझी कीव केली. काळा, जड, आजोबांच्या कपाटातून काढल्यासारखा. डोक्यावर दोन गोल चकत्या: एक पडदा किती वेळ उघडा राहील ते ठरवणारी, दुसरी उजेड किती आत घ्यायचा ते ठरवणारी. आत मात्र फिल्म नव्हती, कार्ड होतं. भिंग एकच, ना बदलता येणारं, ना पुढेमागे सरकणारं.

"म्हणजे झूम नाय?" असं विचारून लोक खिशातला मोबाइल काढून दाखवायचे. त्यात होता. मग मी दशावतारातल्या राजासारखी मान ताठ करून सांगायचो, की या कॅमेऱ्याचा झूम म्हणजे माझे पाय. चेहरा मोठा हवा तर जवळ जायचं, सगळं मावायला हवं तर मागे सरायचं. असाच मागे सरताना मी एकदा बंदरावर सुकत घातलेल्या कोळंबीत जाऊन बसलो. त्यानंतर वाडीत मला वेगळ्या नजरेने बघायला लागले, पण ते जाऊ दे.

कीव न करणारी एकटी शेजारची काकी. ती मासे विकायची. सकाळी बाजारात बसायची, उरलंसुरलं घेऊन दुपारी आमच्या पडवीत यायची. फोटो म्हटलं की तिच्या कपाळाला आठी. कारण जन्मात निघालेल्या प्रत्येक फोटोत तिचे डोळे मिटलेले. मुलाच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बमात ती झोपलेली. मतदानाच्या ओळखपत्रावरही झोपलेली. केंद्रावरच्या माणसाने ओळख पटवायला जरा डोळे मिटा म्हणून सांगितलं, असं ती स्वतःच रंगवून सांगायची.

पण एका दुपारी ती पडवीत आली, तेव्हा हसत नव्हती. घरात भिंतीवर तिच्या वारलेल्या नवऱ्याचा फोटो होता, टपोऱ्या डोळ्यांचा. पुढेमागे तिचा फोटो त्याच्या शेजारी लागणार, हे ती धरून चालली होती.

"ते टक लावन बघतले, आणि मी बाजूक निजलेली?" ती म्हणाली. "मेल्यार घरात कोण येता-जाता ता माका दिसाक होया."

दुसऱ्या दिवशी ती अंगणात खुर्चीवर येऊन बसली. ठेवणीतलं लुगडं, गळ्यात सोनं, केस चापूनचोपून बसवलेले. मी चकत्या फिरवल्या, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तिने डोळे मिटले. फ्लॅश नव्हता, तरी मिटले. मी हातभर अंतरावर गेलो. तिने डोळे मिटून सांगितलं, की माझ्या तोंडाला तंबाखूचा वास येतो. मी एक दोन तीन म्हणून बघितलं, न म्हणता बघितलं. कावळा बघ म्हणालो, तर तिने मिटलेल्या डोळ्यांनीच कावळ्याकडे मान वळवली. शेवटी ती रडवेली झाली. तिच्या नशिबातच निजणं आहे म्हणाली.

माझ्या लक्षात आलं, की ती बुजते ती माझ्या कॅमेऱ्याआडच्या डोळ्याला. मग मी सगळं आधीच ठरवून ठेवलं. उजेड बेतला, तिच्या खुर्चीपर्यंतचं अंतर हाताने लावलं, आणि कॅमेरा पोटाशी धरून, आता पुरे झालं असं दाखवत तिच्यासमोर उभा राहिलो. मग सहज म्हणालो,

"काकी, कालचो बांगडो जरा शिळोच होतो."

मी त्याच बांगड्याच्या तिखल्यावर दोनदा भात घेतला होता. काकीला ते माहीत होतं. तिचे डोळे असे उघडले, की नवऱ्याचे डोळे बारीक वाटावेत. एक हात कमरेवर, दुसरा हवेत, आणि तोंडातून माझ्या तीन पिढ्यांचा उद्धार. त्या कॅमेऱ्याचा आवाज म्हणजे एवढीशी टिचकी. काकीच्या सुरापुढे ती कोणाला ऐकू येणार?

दम खायला ती थांबली तेव्हा मी कॅमेऱ्याच्या पाठीवरची, फोटो दिसतो ती काच तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. डोळे उघडे होते, पण तोंडही उघडं होतं, आणि काय चाललंय ते शेंबड्या पोरालाही कळावं.

"फोटोत आवाज येता काय रे?"

"नाय गो, काकी."

"मगे ह्योच लाव. लोकांक वाटात, मी भजन म्हणतंय."

तिने तो जिवंतपणीच मोठा करून नवऱ्याच्या शेजारी लावून घेतला. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या गणपतीत कसालहून तिच्या नातसुनेच्या माहेरची माणसं आली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोटोला हात जोडले आणि आजी भजनी होत्या वाटतं, असं हळूच विचारलं. काकीचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, होत्या ना. आवाज तर असा, की पार बंदरापर्यंत जायचा.