एकाच रायफलीची गोळी

अपोलोनिया राउश मला पहिल्यांदा दिसली ती गिरणीसमोर, एका अनोळखी घोडेस्वाराची रायफल हातात घेऊन उभी असलेली. साल सतराशे एक्क्याऐंशी. इथल्या शाळेवर येऊन मला आठवडाच झाला होता. तिने एप्रनच्या खिशातून शिशाची गोळी काढली, चरबी लावलेल्या चिंधीवर ठेवली आणि रिकाम्या नळीच्या तोंडाशी अंगठ्याने दाबली. गोळी सैल जात होती. तिने चिंधीसकट ती बाहेर ओढली, आभार मानले आणि पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन निघून गेली.

गिरणीवालीने मग मला सगळं सांगितलं. अपोलोनियाचा नवरा फेल्टन शहात्तरच्या उन्हाळ्यात इंग्रजांशी लढायला न्यूयॉर्ककडे गेला, घरचीच रायफल घेऊन. आमच्याकडे दोन रायफलींच्या नळ्या एका मापाच्या नसतात. म्हणून कारागीर प्रत्येक रायफलीबरोबर तिचा गोळीचा साचाही देतो. अपोलोनियाने नवऱ्याला शंभर गोळ्या ओतून दिल्या आणि साचा चुलीपाशीच राहिला. तो हातात घेऊन ती फेरीघाटापर्यंत धावली, पण तुकडी नदीपार झाली होती. पुढे मेलेल्यांच्या यादीत फेल्टनचं नाव आलं नाही, कैद्यांच्याही नाही.

गोळ्या संपल्यावर त्याने काय केलं असेल, हा प्रश्न तिला सोडत नव्हता. त्याची रायफल कुणाच्या तरी खांद्यावर असणार, या साच्यातली गोळी जिच्यात घट्ट बसेल तीच ती, आणि तो माणूस काहीतरी सांगू शकेल, असा तिचा हिशेब. गिरणीवालीने एकदा तोंडावरच टोमणा मारला, "नवरा शोधतेस की बंदूक?"

"बंदूक सापडली की तो कुठवर तिच्याबरोबर होता ते तरी कळेल," अपोलोनिया म्हणाली.

फेल्टनची रायफल घडवणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा योस्ट आता दुकान चालवत होता. शाळा सुटली की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. रायफल वापरून नळीतल्या खाचा झिजतात, त्या पुन्हा कोराव्या लागतात आणि नळी थोडी रुंद होते, हे त्यानेच मला दाखवलं. कोरलेल्या नळीला जुन्या साच्यातली गोळी सैल होते. म्हणजे फेल्टनचीच रायफल हातात आली तरी अपोलोनिया ती परत देऊन टाकेल, मी म्हणालो. तो खाली मान घालून म्हणाला, "काकूंना सांगू नका मास्तर."

मी सांगितलं नाही. पंधरा वर्षं सांगितलं नाही.

एका वसंतात ती कढईची कडी जोडून घ्यायला दुकानात आली. योस्ट एक जुनी नळी कोरत होता. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"यानं भोक मोठं होत असेल ना रे?"

"होतं काकू."

"मग जुनी गोळी?"

"सैल जाते. आम्ही नवा साचा देतो."

"दर किती वर्षांनी कोरतात?"

"वापरावर आहे. पाच, सहा."

ती बाकावर बसली. हातातली कढई तिने मांडीवर घेतली. "सैल गेली की मी सोडून देत होते," ती म्हणाली. "पुढे एक शब्द विचारत नव्हते. नावसुद्धा नाही."

योस्टने माफी मागितली. आधीच सांगायला हवं होतं, म्हणाला.

"सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? घरात बसले असते," ती म्हणाली, आणि कडी नीट जोड म्हणून त्याला बजावलं.

त्यानंतर तिने कुणाच्या रायफलीला हात लावला नाही. रायफलवाला दिसला की ती त्याला घरी बोलावते, पावावर सफरचंदाचा मुरंबा जाड लावून देते आणि ही कुणाकडून घेतली, त्याने कुणाकडून, असं विचारत जाते. कुणी दोन माणसं मागचं सांगतो, कुणी तीन. शहात्तरपर्यंत अजून कुणी पोचलेला नाही.

आता ती साठीला आली आहे, एकटीच राहते, जवसाच्या तंतूंचं सूत कातते. गेल्या महिन्यात तिने योस्टकडून दारासमोर घोडे बांधायला दोन खुंट रोवून घेतले.