संकटकाळी कोणाला कळवावे

आमच्या पहिल्यावहिल्या क्रूझची कागदपत्रं परवा कुरिअरने आली. तिकिटं, बॅगांना लावायच्या पट्ट्या आणि भरून पाठवायचे दोन फॉर्म. बायकोने आधी पाकिटाला हळदकुंकू लावून ते देवापुढे ठेवलं, मगच चष्मा शोधला. ‘संकटकाळी कोणाला कळवावे’ या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं, तिने माझं. चाळीस वर्षं जिथे तिथे हेच लिहीत आलोय, हात आपोआप चालला.

आज प्रवास कंपनीतल्या मुलीचा फोन आला. “काका, तुम्ही दोघंही बोटीवरच असणार ना? घरचं दुसरं कोणीतरी द्या.”

मी भाचीचं नाव सांगितलं, पण मन तिथेच अडकलं. दवाखान्यात एक आत खाटेवर आणि दुसरा बाहेरच्या बाकावर, आजवरची आमची संकटं अशीच. दोघं एकदमच आत असू, हे कधी मनातच आलं नव्हतं.

बायकोला मात्र ही दुरुस्ती अजून पटलेली नाही.

“भाचीला कळवू देत की,” ती म्हणाली, “पण तुम्हाला काही झालं तर आधी मला नको का कळायला?”