दोन क्विंटलची गाडी

फळ्यावर उत्तर आलं की आमचे विज्ञानाचे सर खडू कानावर अडकवत आणि मुलांकडे वळून विचारत, "पटतं का?" उत्तर बरोबर असलं तरी विचारत.

भडगावच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. वर्गांमधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचा तास मला आयताच ऐकायला मिळे. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल, हे मला असं नोकरीत लागल्यावर कळलं. तुमच्याही शाळेत असे एखादे सर असतील.

केळी-कापसाच्या घरांत दोनशे किलो असं कुणी म्हणत नाही, दोन क्विंटल म्हणतात. दहावीतली सरलाही पुस्तकातल्या भरलेल्या गाडीच्या दोनशे किलोंचे मनातल्या मनात दोन क्विंटल करी, त्याला अर्ध्या त्वरणानं गुणी आणि लिही, बल एक न्यूटन.

"अगं, एक न्यूटन म्हणजे तळहातावर छोटा पेरू पेलायला लागतो तेवढा जोर. तेवढ्यानं भरलेली गाडी अशी सुटेल? पटतं का?"

"नाही सर."

"मग किलोत मांड. शंभर येतील."

परीक्षेत तिनं पुन्हा क्विंटलच मांडले असणार. विज्ञान राहिलं. तिचे वडील स्टँडवर केळ्यांची हातगाडी लावत. शाळा पुरे, आता स्थळ बघायचं, असं त्यांनी ठरवलं. ते कळताच सर मला सोबत घेऊन स्टँडवर गेले.

"भाऊ, रिकामी गाडी आणि भरलेली, ढकलताना फरक काय?"

"रिकामी लगेच पयस, सर. भरेलले जोर लागस. हाई काय इचारानी गोट शे?"

"पोरीलाही हेच येतं. फक्त क्विंटलमध्ये येतं. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत तिला माझ्याकडे शिकू द्या, किलोवर आणतो."

भाऊ हसले. "आनि नही उनं ते?"

"नाही आली, तर ही गाडी दिवसभर मी ढकलीन."

ऑक्टोबरला सरला पास झाली. भाऊंनी शिक्षकांच्या खोलीत केळ्यांची मोठी फणी आणून ठेवली आणि अकरावीला कुठं घालायचं ते विचारलं. सर खूश होते, पण किंचित हिरमुसलेही. गाडी ढकलायची त्यांनी मनातून तयारी केली होती, असा माझा संशय आहे.

या हिवाळ्यात सर गेले. सरला धुळ्याहून आली. तिथल्या कॉलेजात ती अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. सरांच्या पत्नीचा हात हातात घेऊन ती बराच वेळ बसली होती. ऊन उतरल्यावर निघाली, तेव्हा मी म्हटलं, "आजचा दिवस राहा की."

"नाही सर. सकाळी पोरांचं प्रॅक्टिकल आहे."

मी आग्रह केला नाही. सर असते तर त्यांनीच तिला लगबगीनं धुळ्याच्या एसटीत बसवून दिलं असतं.