परिसरातलं उदाहरण

मनमाडला गाडी बदलून औरंगाबादच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा ट्रंकेत एक कोट आणि इंग्रजी शब्दकोश होता. पुणेरी तोरा अंगावर होताच.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. शाळांतून उर्दू जाऊन मराठी येत होती, आणि जुन्या उर्दू मास्तरांना मराठीतून शिकवता येतं का हे पाहायला मला पुण्याहून तपासणीस म्हणून धाडलं होतं. ज्याला जमणार नाही त्यानं घरी बसायचं.

स्टेशनवर हेडमास्तर टांगा घेऊन आले होते. वाटेत त्यांनी जांब (पेरू) घेतले आणि शाळा येईपर्यंत मला खायला लावले.

त्या जुन्या उर्दू मास्तरांपैकी हामिद मास्तरांचा पाठ एका इंग्रजी क्रियापदावर होता: स्कर्मिश. अर्थ, चकमक करणं. दोन फौजा भिडल्या तर हा शब्द वापरायचा नाही, लहान टोळ्यांची झटापट झाली तरच वापरायचा. मग त्यांनी शब्दाचं मूळ सांगितलं. फार पूर्वी त्याचा अर्थ होता आड येऊन राखणं, ढाल धरणं. त्यांची मराठी दखनी उर्दूच्या वळणाची, पण स्वच्छ. उदाहरण मात्र त्यांनी कुठल्याशा दूरदेशीच्या लढाईचं दिलं.

मी मागच्या बाकावरून माझं ठरलेलं वाक्य टाकलं, "परिसरातलं उदाहरण द्या, मास्तर."

ते पहिल्या बाकाकडं पाहून फळा पुसू लागले. मी पुन्हा बजावलं, तेव्हा त्यांनी कोंबड्यांच्या झुंजीचं उदाहरण दिलं. पोरं हसली, मी हसलो नाही. बाहेर येताच हेडमास्तरांना सांगून मोकळा झालो की या गृहस्थांना घोकलेलं येतं, शिकवणं येत नाही, यांना ठेवता येणार नाही.

दुपारी हेडमास्तरांबरोबर दौलताबादचा किल्ला पाहिला. अंधारीत (किल्ल्याच्या भुयारी वाटेत) वटवाघळं अंगावर आली, तसा मी मशालवाल्याला घट्ट बिलगलो आणि माझी टोपी तिथंच राहिली. उतरताना हेडमास्तर दम खायला पायरीवर टेकले.

"साहेब, पहिल्या बाकावर दोन पोरं व्हती ना," ते म्हणाले, "एकाचं घर रझाकारांनी जाळलं. दुसऱ्याच्या बापाला ॲक्शननंतर लोकांनी उचलून नेलं, तो काय माघारी आला नाय. वरीसभर एकमेकांकडं बघत नव्हती. हामिदनं त्यांना एका बाकावर आणलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेरूळ पाहायचं सोडून टांगा मास्तरांच्या घराकडं वळवायला लावला.

त्यांनी चहा दिला. माझं मत चुकलं, तुमची नोकरी राहील, असं मी चाचरत सांगितलं. त्यांनी छातीवर हात ठेवून आभार मानले, तेव्हा तर मला त्यांच्याकडं पाहवेना. त्या दोन पोरांमुळं इथलं उदाहरण टाळलंत, हे वर्गातच का नाही सांगितलंत, असं विचारलं.

मास्तर हळूच म्हणाले, "पोरांसमोर सांगितलं असतं साहेब, तर तेच उदाहरण झालं असतं."

पुण्याला परतल्यावर घरच्यांनी विचारलं, वेरूळ कसं वाटलं? पाहिलं नाही म्हणालो. माझ्या शब्दकोशात त्या क्रियापदापुढं फक्त चकमक एवढाच अर्थ आहे. ढाल धरून उभा राहिलेला माणूस मी औरंगाबादेत पाहिला. त्याच्यावर वार करणारा मीच होतो.