शालूचं डोहाळजेवण

दोन्ही वाट्या रिकाम्या ठेवण्याची कल्पना माझी होती. इतकी वर्षं मी तिला ‘आमची गंमत’ म्हणत आलो. ते खरं नाही.

कोळेकर मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि सोलापुरातल्या एका साप्ताहिकात ‘शालूचं सासर’ ही चित्रमालिका काढत. मी गिरणीच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो, तेव्हा ती सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. दर शनिवारी आमचा कंपू चहाच्या हॉटेलात ती मोठ्यानं वाचायचा आणि खिल्ली उडवायचा. शालूच्या सासूबाईंचा चहा दिवाळीपासून निवत होता. दीर स्टेशनवर उभा होता, गाडी येत नव्हती. आणि शालू तीन वर्षं गरोदर होती. तरी अंकाला उशीर झाला की चुळबुळ आमचीच.

मास्तर शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकत. बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणत, “असू द्या की. शालूला घाई न्हाय, तुमाला कशाला?” एकदा मी फारच खोदून विचारलं, बाळ कधी? तर म्हणाले, “आदी तुमचं लगीन तर हू द्या.” महिनाभर मला सगळे त्यावरून छळत होते.

त्या वर्षी आम्ही हॉटेलातच शालूचं डोहाळजेवण मांडलं. खुर्चीला झेंडूच्या माळा, खुर्चीवर पुठ्ठ्याची शालू. माहेरची माणसं म्हणून मास्तरांना बोलावलं. ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन आले. काकूंनी नवं इरकल नेसलं होतं. थट्टा चालली आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. त्यांनी खण-नारळानं चित्राची ओटी भरली. मग शालूच्या वतीनं झाकलेली वाटी उघडायला मी त्यांनाच पुढे केलं. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पहिलीत काही नव्हतं. सगळे हसले. त्यांनी दुसरी उघडली. तीही रिकामी. काकूंनी दोन्ही वाट्या पुन्हा नीट झाकून ठेवल्या.

परतताना काकू पुढे चालत होत्या. मास्तर सायकल हातात धरून माझ्याबरोबर सावकाश येत होते. रागावले नव्हते.

“आमची दोन गेली,” ते म्हणाले. “दोनी जन्मल्यावर. शालूला दिवस गेलेले काढले तवा ही म्हणाली, आता हितंच थांबवा. पोटात हाय तवर सुकरूप हाय.”

पुढेही शालू तशीच राहिली. कंपू हसत राहिला. मी अंक घरी नेऊन वाचू लागलो. काकू दिसल्या की मी रस्ता बदलायचो. मास्तरांनी मला हॉटेलात बोलावणं सोडलं नाही, त्यामुळे तर माफी मागायला जीभ आणखीच जड झाली.

निवृत्तीनंतर ते मंद्रूपला, गावी निघाले. सामान टपावर चढवायला मी स्टँडवर गेलो. मास्तर तिकिटं काढायला गेले होते. काकू खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, तिला एकदा गावी घेऊन या म्हणाल्या. मी हो म्हणालो, आणि तिथून हललो नाही.

“काकू, त्या दिवशी हॉटेलात तुम्ही मनापासून आला होता. मी तुमची थट्टा केली. ती माझ्या एकट्याचीच करणी. चुकलं माझं.”