सरांच्या नावानं बारा दिवस

“मॅडम, उठा. ही खुर्ची परमनंट लोकायची हाय.”

विभागप्रमुख बोलले. स्टाफरूम भरलेली. मी उठले. आठ वर्षं झाली, दर जूनला नव्यानं मुलाखत देऊन तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतेय. त्या खोलीत माझ्या वाट्याची खुर्ची नाही. दोन तासांच्या मध्ये खेळाच्या सामानाच्या खोलीत जायचं, व्हॉलीबॉलच्या जाळीवर बसून पेपर तपासायचे. मग वर्गात जाऊन हसऱ्या तोंडानं शिकवायचं. थकले मी. शिकवण्यानं नाही, असं शिकवण्यानं.

पुढं याच सरांचं माझ्याकडं काम निघालं. बढतीसाठी त्यांना बारा दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण करायचं होतं, कसं शिकवावं याचं. आमच्याकडं रीतच पडलीय. नाव परमनंटचं, कॅमेरा बंद ठेवून बसायचं तासिकावाल्यानं.

“तुमच्यासाठी असं काही निघतच नाई,” सर म्हणाले. “माझ्या नावानं बसा, तेवढंच शिकसान. जूनमधी तुमच्या नेमणुकीचं मी पाहून घेतो.”

बसले. अडला हरी.

आणि खरंच शिकले. प्रश्न विचारला की आपणच उत्तर द्यायचं नाही, थांबायचं. वर्गात करून पाहिलं. काळ्या जमिनीला भेगा का पडतात, विचारलं आणि गप्प उभी राहिले. साखरखेर्ड्याहून एसटीनं येणारी एक पोरगी, दोन वर्षांत कधी तोंड न उघडलेली, म्हणाली, “मॅडम, मी सांगू काय?”

आठ वर्षं मी पोरांना बोलूच दिलं नव्हतं. मला कुणी शिकवलंच नव्हतं. आधी लाज वाटली, मग संताप आला.

शेवटच्या दिवशी पाठ घेऊन दाखवायचा होता. सर म्हणाले, “कॅमेरा, माइक खराब हाय, असं चॅटमधी लिहून टाका.”

सरांचं नाव पुकारलं गेलं.  मी कॅमेरा चालू केला, माझं नाव सांगितलं. “बारा दिवस मीच बसलेय. पाठही मीच घेते.” घेतला.

संध्याकाळी सरांचा फोन. “काऊन केलं असं? आता जूनमधी इकडं फिरकू नका.”

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले. त्याच खुर्चीवर बसून पेपर काढले. सर दारात उभे राहिले. मी उठले नाही.

जूनमध्ये मुलाखतीला जाणार, माझ्याच नावानं. नाही घेतलं तर पुढच्या जूनमध्येही.